प्लग माझ्या हातात

"ही सुई नवीन आहे कशावरून?"

सकाळचे साडेसात, उपाशीपोटी आलेल्या माणसांची दारापर्यंत रांग, आणि अकराव्या नंबरवाल्याने मला हे विचारलं. माझं डोकंच फिरलं. मी लॅबमध्ये रक्त काढते. नऊ वर्षं काढतेय. लोक मला सुईवाली म्हणतात, आणि मी फटकळ आहे म्हणून माझ्यामागे आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण असं तोंडावर विचारणारा हा पहिलाच.

"तुमच्या डोळ्यांदेखत पाकीट फोडते. चालेल?"

"चालेल. आणि त्या बाटलीवरचं नाव एकदा दाखवता का?"

"मी वाचलंय."

"मी नाही वाचलं."

मी बाटली त्याच्या नाकासमोर धरली. त्याने नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, मान हलवली. मग बाही दुमडून हात टेबलावर ठेवला... आणि माझा सगळा ताव उतरला. हसायचं तर हसा, पण बाकीच्या मुली पुरुषाचे डोळे बघतात, मी शिरा बघते. काहींच्या लपून बसतात, काहींच्या सुई पाहताच सटकतात. ह्याची मात्र सरळ, ठसठशीत, जशी आहे तशी समोर. अशी शीर नऊ वर्षांत दोनदा पाहिली असेल.

"दुखणार नाही हं," मी सवयीने म्हणाले.

"दुखेल," तो म्हणाला. "थोडंच, पण दुखेल. खरं सांगितलंत तरी मी हात काढून घेणार नाही."

दिवसाला शंभर वेळा मी ते वाक्य म्हणते आणि शंभर वेळा खोटं बोलते. ते पकडणारा कोणी भेटेल असं वाटलं नव्हतं.

रक्त भरत होतं तेवढ्यात मला त्याच्या मनगटावरचा जुना, भाजल्याचा डाग दिसला. "हे काय?"

"वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. शिकत असताना एकदा घाई केली. त्यानंतर नाही केली."

"आणि टेस्ट कशासाठी?"

"मुलीकडच्यांनी मागितल्यात. रिपोर्ट चांगले आले तर येत्या रविवारी बोलणी."

"मुलगी कशी आहे?"

"काकू म्हणते छान आहे. मी कुठे पाहिलीय अजून!"

का कोण जाणे, मला ते आवडलं नाही. सुई काढली, कापूस दाबला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, "आमचं मशीनही हल्ली हाताला झिणझिण्या देतं. चप्पल घातली की बरं असतं."

तो उठून उभाच राहिला. "घरात लहान मूल आहे?"

"भाची आहे. अकरा महिन्यांची. आता धरून उभी राहायला लागलीय."

"कशाला धरून?"

"मशीनलाच," मी म्हणाले. मशीनच्या गोल काचेत कपडे फिरताना बघायला मिळतात म्हणून ठकू दिवसातून दहा वेळा त्या पत्र्यालाच धरून उभी राहायची.

"घरी फोन लावा. मशीनला कोणी हात लावायचा नाही. पायात चपला, हात कोरडे. आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग बाहेर. आत्ता."

मी वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, अर्धी फेरी झालीय, लंगोट आहेत आत, एवढं होऊ दे..." मी अशी ओरडले की रांगेतल्या एका आजोबांनी घाबरून स्वतःचाच हात वर केला. ती बटण बंद करून परत येईपर्यंत तो कापूस धरून टेबलाशी उभा होता. रांग कुरकुरत होती. तो हलला नाही.

"काढला प्लग," वहिनी म्हणाली.

"काढला," मी त्याला सांगितलं. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. परक्या घराच्या प्लगसाठी!

तुम्हाला सांगते, आमच्या घरात 'काही होत नाही' हे तीन शब्द मिठासारखे सगळ्यात पडतात. वहिनी चार महिने सांगत होती की मशीन हाताला लागतं. माझा भाऊ नोकरीच्या गावी असतो, तो फोनवर म्हणाला काही होत नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, अडतीस वर्षं वायरमन होते, ते म्हणाले, "सूनबाई नाजूक आहेत. चपला घाला, काही होत नाही." आणि मी? मी परवा स्वतः झटका खाल्ला आणि गप्प बसले. बाईमाणसाने काही सांगितलं की त्याला वहम म्हणायचं, ही आपली जुनी खोड. मीही तीच केली. लाज वाटते लिहायला.

*

सकाळीच पत्ता घेऊन गेला होता, तो दुपारी आला, हातात पिशवी आणि पायात जाड रबरी तळव्याचे बूट. आमचं मशीन न्हाणीघराच्या दाराशी, अरुंद बोळकांडीत. अप्पा शेजारी पत्ते कुटायला गेले होते. वहिनी ठकूला कडेवर घेऊन उभी.

पिशवी उघडण्याआधी त्याने वहिनीला विचारलं, "कधी लागतं? ड्रम फिरताना, की पाणी गरम होताना?"

वहिनी विचारात पडली. "गरम पाण्याच्या फेरीत. पहिली दहा मिनिटं नाही, मग सुरू होतं. आणि लादी ओली असली की जास्त."

"अर्धं काम तुम्हीच केलंत."

वहिनीचा चेहरा बघायला हवा होता. "ऐकलंत का वन्सं? आणि मला इथे नाजूक म्हणून निकालात काढलं होतं!"

मग त्याने मशीनचा प्लग उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "तुम्ही इथे स्टुलावर बसा. हा तुमच्या हातात राहील. मी मागेन तेव्हाच द्यायचा. दुसऱ्या कोणी मागितला तर नाही. कोणीही असो."

"एवढा विश्वास? सकाळी तर माझ्या सुईवर नव्हता."

"सकाळी तुम्ही चिडलात, पण बाटली वाचायला दिलीत. चिडूनही जे माणूस दाखवतं, त्याच्या हातात प्लग द्यायला हरकत नसते."

मी प्लग मुठीत घेऊन स्टुलावर बसले. एरवी मला एका जागी बसवायला लोकांना फार कष्ट पडतात.

त्याने घड्याळ बघितलं आणि नुसता बसून राहिला.

"आता काय मुहूर्त बघताय?"

"पाच मिनिटं थांबायचं. प्लग काढला तरी आत थोडी वीज साठून राहते. तिला उतरू द्यायची. रागासारखं असतं ते."

"मग माझ्याकडे काम काढायचं तर दिवसभर बसावं लागेल तुम्हाला."

"बसेन की," तो सहज म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्क्रू मोजायला लागला. वहिनीने ठकूच्या केसांत तोंड लपवलं. हसत होती मेली.

पाच मिनिटांनी त्याने मागचा पत्रा काढला. खिशातून मीटर काढलं, पण मशीनला लावलं नाही. आधी स्वयंपाकघरात गेला, चालू सॉकेटमध्ये मीटरच्या दोन्ही काड्या घातल्या, आकडा बघितला. मग येऊन मशीनच्या आत लावलं. शून्य. मग पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन त्याच सॉकेटमध्ये.

"दोनदा कशाला?"

"मीटर बिघडलेलं असलं तर तेही शून्यच दाखवतं. मेलेलं मीटर आणि सुरक्षित मशीन, दोघांचं उत्तर एकच. म्हणून आधी त्याला असं विचारायचं ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं माहीत आहे. मग खरा प्रश्न. मग पुन्हा माहितीतला. तिन्ही जुळले तरच मधलं खरं."

"माणसांनाही असंच विचारता?"

"माणसांना विचारायची हिंमत अजून झाली नाही."

मग तो गुडघ्यावर वाकला आणि उजवा हात कोपरापर्यंत मशीनच्या पोटात घातला. सकाळी जिच्यावर मी जीव टाकला होता ती शीर आता तारांच्या आणि पत्र्यांच्या मधोमध होती आणि तिची किल्ली माझ्या मांडीवर. मी प्लग दोन्ही हातांनी धरला. आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ कामं सांगितली, पण स्वतःचा जीव धरायला कोणी दिला नव्हता.

आणि नेमके अप्पा आले.

"हे काय चाललंय? बंद मशीनमध्ये फॉल्ट सापडतो का कधी? चालू करा, म्हणजे दिसेल. आम्ही जिवंत लाईनवर कामं केली आहेत, असे नखरे नाही केले." आणि माझ्यापुढे हात पसरला. "आण तो प्लग."

"नाही, अप्पा."

"काय म्हणालीस?"

"त्यांचा हात आत आहे."

"मला शिकवतेस? अडतीस वर्षं गेली माझी! आण इकडे!"

माझ्या वडिलांना मी कधी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. बाहेर सगळ्या जगाला सुनावते, घरात अप्पांचा आवाज चढला की मी ताट पुसायला लागते. ही आहे माझी फटकळगिरी. पण त्या क्षणी प्लगच्या तीन पिना माझ्या तळव्यात रुतत होत्या आणि मला फक्त तो कोपर दिसत होता.

"तुम्ही मला घराबाहेर काढलंत तरी देणार नाही," मी म्हणाले. "त्यांनी मागितला तर देईन. तुम्हाला नाही."

तो मशीनमधून हात न काढता, मान न वळवता म्हणाला, "दोन मिनिटं, काका. मग तुमचाच सल्ला हवा आहे मला." आवाजात घाई नव्हती. म्हणजे माझ्यावर त्याचा पक्का भरवसा होता. मी देणार नाही हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

त्याने हीटरच्या तारा सोडवल्या, एक काडी हीटरच्या टोकाला आणि एक उघड्या धातूला लावली. "इथे काहीच दिसायला नको. हे बघा, दिसतंय. हीटरचं आतलं कवच फुटलंय. तापला की वीज पाण्यात, पाण्यातून पत्र्यावर."

"शक्यच नाही," अप्पा म्हणाले. "हीटर गळत असता तर घरातला मेन स्विच पडला असता."

"पडायलाच हवा होता, काका. मलाही तेच कोडं आहे." मग माझ्याकडे वळून, "आता मागतो. द्या."

मी प्लग दिला. त्याने एक काडी मोठ्या पिनेला लावली, दुसरी पत्र्याला. "इथे मीटरचा आवाज यायला हवा." आवाज आला नाही. त्याने प्लगचं झाकण उघडलं. आत लाल तार, काळी तार आपापल्या जागी. हिरवी तार मात्र कापलेली, नीट दुमडलेली, तिच्यावर काळी टेप. अशी सफाईने गुंडाळलेली की एक सुरकुती नाही. पत्र्यावर आलेल्या विजेला जमिनीत नेऊन सोडणारी तीच एक तार!

सहा महिन्यांपूर्वी हा प्लग कोणी बदलला ते घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनीने ठकूला घट्ट धरलं. मी अप्पांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"सारखा पडायचा स्विच," ते हळूच म्हणाले. "फेरी अर्धी राहायची, कपडे तसेच पाण्यात. ही बिचारी बाळंतपणातून उठलेली... म्हटलं, तार काढली की पडणार नाही. तेवढ्याने..."

"काही होत नाही," मी वाक्य पुरं केलं. माझ्या जिभेवर अजून दहा वाक्यं तयार होती, एकेक सुईसारखं. स्विच ओरडून सांगत होता तर तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. वहिनी सांगत होती तर तिचंही.

पण त्याने मला बोलूच दिलं नाही. त्याने उघडा प्लग आणि स्क्रूड्रायव्हर अप्पांच्या पुढे केला.

"काका, चूक झाली, आणि ती जीवावरची होती. मी गोड बोलून झाकणार नाही. पण ही टेप ज्या हाताने गुंडाळली तसा हात माझा नाही. हिरवी तार तुम्हीच जोडा. मी बघतो."

मी उठले. अप्पा स्टुलावर बसले, चष्मा लावला. त्यांनी तिन्ही तारा सोलल्या आणि हिरवी मुद्दाम बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब ठेवली.

"ही लांब का, काका?"

"केबलला ओढ बसली तर बाकीच्या आधी निसटतात. ही शेवटपर्यंत धरून राहिली पाहिजे." अप्पांनी शेवटचा स्क्रू आवळला. "पहिल्या महिन्यात शिकवलं होतं मला. पहिल्याच महिन्यात, रे."

अप्पांनी ठकूच्या पायाला हात लावला आणि उठून आत गेले. आणि मी त्या मशीनवाल्याकडे बघत राहिले. माणसाला न मोडताही खरं बोलता येतं, हे मला तिसाव्या वर्षी एका बोळकांडीत, उघड्या मशीनशेजारी उभं राहून कळलं. मला फक्त खरं बोलता यायचं. न मोडणं शिकायचं राहिलं होतं.

"हीटर तीन दिवसांनी मिळेल," तो जाताना म्हणाला. "तोवर मशीन बंद. प्लग..."

"माझ्या हातात," मी म्हणाले.

*

तीन दिवसांनी तो आला, हीटर बसवला, पुन्हा सॉकेट–मशीन–सॉकेट केलं. अप्पा शेजारी बसून मीटरचे आकडे मोठ्याने वाचत होते. शेवटी हिरव्या तारेचा आवाज आला, पीं करून, आणि ठकूने टाळ्या पिटल्या. प्लग मी लावला. वहिनीने अनवाणी पायाने पत्र्याला हात लावायला घेतला तर तो म्हणाला, "तुम्ही नाही. आधी मीटर, मग मी." त्याने तसंच केलं. मग ठकूला तिचं गोल दार परत मिळालं.

"रविवारी बोलणी ना?" वहिनीने चहाचा कप पुढे करत विचारलं. आगाऊ कुठली.

"हो... रिपोर्ट घ्यायचे राहिलेत अजून."

रिपोर्ट माझ्या खणात होते. पहिल्याच संध्याकाळी आले होते. सगळं उत्तम. साखर नाही, कावीळ नाही, काही म्हणता काही नाही. पाच दिवस मी तो लिफाफा रोज उघडून बघायचे, एखादा तरी आकडा बिघडलाय का म्हणून. असं बघणं बरं नव्हे, कळत होतं. बघत होते.

शनिवारी दुपारी, रांग संपल्यावर, तो आला.

"रिपोर्ट न्यायला आलो."

मी लिफाफा खणातून काढला. पुढे केला. सोडला नाही. त्याने एक टोक धरलं होतं, मी दुसरं.

"माझे तीन प्रश्न आहेत," मी म्हणाले. माझं काळीज असं वाजत होतं की शेजारच्या खोलीतल्या ईसीजीवर उमटलं असतं. "रक्तगट कोणता तुमचा?"

त्याने चमकून बघितलं. मग समजला... आणि कान लाल झाले. "ओ पॉझिटिव्ह."

"उद्याच्या बोलण्यांना जायचंय तुम्हाला? मनापासून?"

"नाही."

"रक्त कुठल्या हाताचं काढलं होतं?"

"उजव्या. आणि दुखलं होतं."

तिन्ही जुळले. मधलं खरं होतं. एवढं खरं निघेल याची माझी तयारीच नव्हती.

"काकूला गुरुवारी रात्रीच सांगितलं मी," तो म्हणाला. "ती मला खूप बोलली, मग तिने त्यांना निरोप दिला. वेळेवर सांगितलं म्हणून तिकडच्यांनी आभार मानले म्हणे."

"मग हे न्यायला कशाला आलात?"

"आता दुसऱ्या एका घरात द्यावे लागतील असं वाटलं. तुमच्या वहिनींना दिले तर चालतील? त्या नीट तपासून घेतील." त्याने लिफाफा सोडला. तो माझ्याच हातात राहिला. "पण आधी... मलाही तीन विचारायचे आहेत."

"विचारा."

त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला. सकाळची माणसं बसतात त्याच खुर्चीत. "सुई दुखते?"

नऊ वर्षं, दिवसाला शंभर वेळा. "दुखते," मी म्हणाले.

"माझ्यासारख्या प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणाऱ्या माणसाबरोबर... राहाल? कायम?"

"राहीन."

त्याने डोळे मिटले. उघडले. टेबलावरचा माझा हात त्याने इतक्या हळू हातात घेतला, जसा आत अजून वीज असावी.

"सुई दुखते?"

"दुखते," मी म्हणाले. "पण मी हात काढून घेणार नाही."